घटस्फोट, पाळणा आणि तारखांचा हिशेब

जुन्या हॉलिवूडच्या प्रणयविनोदी चित्रपटांबद्दल नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: नवरा-बायको कायद्याने वेगळे होतात, आणि तेवढ्यात बाळाची चाहूल लागते. नाटक करणाऱ्या एका मंडळाचा प्रश्न सगळ्यांत मोठा होता, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न: केबलवर खूप वर्षांपूर्वी एक कृष्णधवल इंग्रजी सिनेमा पाहिला होता. नायक प्राध्यापक असतो. दुसरं लग्न तोंडावर आलेलं असताना त्याला प्रसूतिगृहाचं पत्र येतं. पुढे तो तान्हं बाळ पळवून हॉटेलात राहतो. नाव काही केल्या आठवत नाही.
(इंदिरानगर)

उत्तर: हा 'कॅसानोव्हा ब्राउन', १९४४ सालचा. दिग्दर्शक सॅम वुड, निर्मिती आणि पटकथा ननली जॉन्सन यांची. नायक गॅरी कूपर आणि नायिका टेरेसा राइट. हीच जोडी याच दिग्दर्शकाकडे १९४२च्या 'द प्राइड ऑफ द यँकीज'मध्येही होती, त्यामुळे दोघांचं एकमेकांशी वागणं इथे अगदी मुरलेलं दिसतं.

गोष्ट थोडक्यात अशी. प्राध्यापक ब्राउनचं इझाबेलशी घाईत लग्न झालेलं असतं. तिच्या आईचा ग्रहताऱ्यांवर गाढ विश्वास, आणि पत्रिकेच्या हिशेबात हा जावई बसत नाही. त्यात त्या घरात सिगारेटला बंदी. लपवलेल्या सिगारेटमुळे सासरचा बंगलाच जळून जातो आणि लग्न रद्द होतं. ब्राउन गावी परततो, दुसरीकडे लग्न ठरवतो, आणि मग ते पत्र येतं. इझाबेलला मुलगी झालेली असते आणि बाळ दत्तक देण्याची तयारी चाललेली असते. ब्राउन डॉक्टरच्या वेशात बाळ उचलतो, हॉटेलच्या खोलीत लपवतो आणि बाळ आपल्याकडे राहावं म्हणून हॉटेलातल्या कामवालीशीच लग्न लावायला निघतो.

हा चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा हॉटेलचा भाग सावकाश पाहा. कूपर सव्वासहा फूट उंच, आणि आधीच्या बऱ्याच चित्रपटांत घोड्यावर बसलेला. तो एवढ्याशा बाळापुढे वाकतो तेव्हा संवादाची गरजच उरत नाही. चित्रपटाला ऑस्करची तीन नामांकनं होती, कलादिग्दर्शन, संगीत आणि ध्वनी या विभागांत. पटकथा मधे थोडी रेंगाळते, हेही खरं. पण बाळाचा बाप हा विनोदाचा विषय असूनही त्याची माया खरी वाटते, आणि एवढ्यासाठी तो बघावा.

प्रश्न: याच चित्रपटात सरळ घटस्फोट न दाखवता लग्न 'रद्द' का केलं आहे? नाटकावरून घेतलाय असं वाचलं. मूळ नाटकातही असंच होतं का?
(कॉलेज रोड)

उत्तर: नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. मूळ कादंबरी फ्लॉइड डेल यांची, १९२७ची, आणि तिचं नावच 'अॅन अनमॅरिड फादर'. तिच्यावरून डेल आणि थॉमस मिचेल यांनी १९२८ला 'द लिटल अॅक्सिडेंट' हे नाटक लिहिलं. (हे मिचेल म्हणजे 'गॉन विथ द विंड'मध्ये स्कार्लेटच्या वडिलांचं काम करणारे नट.) तिथे बाळ लग्नाशिवाय झालेलं आहे. नाटकावर १९३०ला एक चित्रपट झाला, १९३९ला दुसरा, आणि १९४४ला हा तिसरा.

मधल्या काळात नियम बदलले. हॉलिवूडची निर्मिती संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही याचे नियम, १९३०ला आली, पण तिची कडक अंमलबजावणी जुलै १९३४पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने सुरू केली. विवाहसंस्था आणि घर यांचं पावित्र्य राखलं पाहिजे, हे संहितेत स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रसूतीचं दृश्य तर सावलीतसुद्धा दाखवायला मनाई. त्यामुळे १९४४च्या पटकथेला बाळाआधी लग्न आणणं भागच होतं. पण लग्न टिकलं तर गोष्टच संपते. मग लग्न लावायचं, लगेच मोडायचं, आणि मोडण्याचं कारण असं द्यायचं की दोघांपैकी कोणावरही ठपका येणार नाही. सासूचे ग्रह आणि जळकी सिगारेट ही दोन्ही त्याच कामाला लावलेली आहेत. ती नुसती पात्राला रंग भरायला आली आहेत असं समजू नका. ती काढली तर ब्राउन बायकोला टाकणारा माणूस ठरतो आणि पुढचं काहीच गोड वाटत नाही.

याच वर्षीचा प्रेस्टन स्टर्जेस यांचा 'द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक' शेजारी ठेवून पाहा. तिथली मुलगी सैनिकांच्या निरोपाच्या धांदलीत रात्री कुणाशी तरी लग्न करते, सकाळी तिला नवऱ्याचं नाव धड आठवत नाही, आणि दिवस गेलेले असतात. इतका मोकाट सुटलेला चित्रपट, तरी 'लग्न झालं होतं' हे वाक्य त्यात आहेच. त्या एका वाक्यावर चित्रपट संहितेच्या दारातून बाहेर पडला. शेवटी जुळी नव्हे, तिळी नव्हे, सहा मुलगे होतात आणि राज्याचे गव्हर्नर फोनवरून सगळ्या कागदपत्रांची व्यवस्था लावतात.

प्रश्न: 'द ऑफुल ट्रुथ'च्या शेवटी घड्याळातल्या दोन बाहुल्या दाखवल्या आहेत, त्याचा नेमका अर्थ काय? आणि हा चित्रपट मुलांसोबत बघण्यासारखा आहे का?
(देवळाली कॅम्प)

उत्तर: १९३७चा हा चित्रपट, लिओ मॅकॅरी यांचा. त्यांना यासाठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. कॅरी ग्रँट आणि आयरिन डन घटस्फोट मागतात. कोर्टात कुत्र्याच्या ताब्यावरून वाद होतो, आणि कुत्रा ज्याच्याकडे जाईल त्याचा असं ठरतं. इथे डनच्या हाताकडे लक्ष ठेवा, कुत्र्याचं आवडतं खेळणं ती हळूच त्याला दाखवते. अमेरिकेतल्या काही राज्यांतलं कोर्ट तेव्हा आधी अंतरिम हुकूम देई आणि मुदत संपली की तो कायम होई. त्या मुदतीत जोडपं कायद्याने नवरा-बायकोच असतं. चित्रपटाची शेवटची रात्र ही मुदतीची शेवटची रात्र आहे. मध्यरात्रीचा ठोका पडला की घटस्फोट पक्का.

दोघं शेजारशेजारच्या खोल्यांत आहेत, मधल्या दाराची कडी नीट बसत नाही आणि वाऱ्याने दार उघडतंय. भिंतीवरच्या घड्याळात दोन छोटी दारं आहेत, त्यांतून एक पुरुष आणि एक बाई बाहेर येतात आणि आपापल्या दाराने आत जातात. शेवटी मात्र पुरुषाची बाहुली वळून बाईच्या दारात शिरते. तेव्हा बारा वाजलेले नाहीत, म्हणून दोघं अजून नवरा-बायको आहेत आणि ब्रीन यांच्या कार्यालयाला हरकत घेता येत नाही. ही तारीख ध्यानात नसेल तर शेवट नुसता गोड वाटतो. ती माहीत असेल तर त्यातला खट्याळपणा कळतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत निर्धास्त बघा.

प्रश्न: या चित्रपटांतली माणसं घटस्फोटासाठी ऊठसूट रिनोला का जातात?
(पंचवटी)

उत्तर: न्यूयॉर्क राज्यात १९६६च्या कायदाबदलापर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण चाले. उलट नेव्हाडा राज्याने १९३१ला रहिवासाची अट सहा आठवड्यांवर आणली. रिनो हे त्याच राज्यातलं शहर. सहा आठवडे तिथे मुक्काम, मग कोर्ट, मग सुटका. पटकथाकाराला हे सहा आठवडे आयतेच मिळाले: पैसेवाली, चिडलेली, एकटी माणसं एका जागी अडकलेली. १९३९च्या 'द विमेन'मध्ये याचा सगळ्यांत चांगला उपयोग केला आहे.

प्रश्न: आमच्या हौशी मंडळाला या धर्तीवर नाशिकमध्ये घडणारी एकांकिका करायची आहे. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं आणि अचानक दिवस जाणं. इंग्रजी चित्रपटाचं रूपांतर करावं का? कायद्याच्या बाजूने काय सांभाळावं?
(नाशिक रोड)

उत्तर: रूपांतर करू नका, नवीन लिहा. भारतीय कायद्यात नाटकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि लेखक दोन असतील तर मागाहून वारलेल्यापासून मोजतात. मिचेल १९६२ला गेले, डेल १९६९ला. तेव्हा २०२९ संपेपर्यंत हक्क चालू आहे असं धरून वागणं शहाणपणाचं. कल्पनेवर मात्र कुणाचा हक्क नसतो. घटना आणि संवाद तुमचे असले की झालं.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडचा कायदा या विनोदाला अमेरिकेपेक्षा जास्त सोयीचा आहे. हिंदू विवाह कायद्याचं १३-ब कलम घ्या, परस्परसंमतीचा घटस्फोट. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं. वकील मंडळी याला फर्स्ट मोशन आणि सेकंड मोशन म्हणतात. मधल्या काळात कोणीही एकाने संमती मागे घेतली तर हुकूम होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१च्या सुरेष्ठा देवी निकालात हे स्पष्ट केलं. त्याच निकालात 'वेगळं राहणं' म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, असंही सांगितलं. एका छपराखाली राहूनही वेगळं राहता येतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमधलं जोडपं रंगमंचावर आणायला याहून चांगली सोय नाही.

आता तारखा मांडा. समजा फर्स्ट मोशन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मार्चमध्ये रंगपंचमी. जुन्या नाशकात तिवंधा चौकातली रहाड (रंग खेळायचा जुना हौद) उघडते, दोघंही लहानपणापासून त्या रहाडीत उडी मारणारी, रंगात भिजून घरी येतात आणि वेगळेपणाचा विसर पडतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सेकंड मोशन. म्हणजे तारखेला बायको साधारण साडेचार महिन्यांची, आणि पोट लपणार नाही. प्रसूती डिसेंबरच्या सुरुवातीला येते.

इथे लेखक हमखास घसरतात. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे गर्भधारणेच्या साधारण दोन आठवडे आधीपासून. एकूण ४० आठवडे, २८० दिवस. मार्चच्या दहा तारखेची रात्र असेल तर एप्रिलच्या सात तारखेला डॉक्टर चार नव्हे, सहा आठवडे सांगतील. नवऱ्याने बोटं मोजून "पण सहा आठवड्यांपूर्वी तर मी पुण्याला होतो!" म्हणायला ही जागा आहे. गैरसमज खरा, कारणही खरं, आणि डॉक्टरच्या एका वाक्याने तो सुटतो.

प्रेक्षकांत वकील बसलेले असतात, आणि ते विचारतीलच: सहा महिन्यांची अट माफ होते ना? होते, २०१७च्या अमरदीप सिंग निकालानंतर न्यायालय ती माफ करू शकतं. पण त्यासाठी अर्जाआधीच एक वर्ष आणि वर सहा महिने वेगळं राहून झालेले असावे लागतात. म्हणून तुमच्या जोडप्याला अर्जाच्या दिवशी वेगळं होऊन जेमतेम वर्ष झालेलं दाखवा. पहिल्या प्रवेशात वकिलाच्या तोंडी एक ओळ टाकली की प्रश्न मिटतो.

बाळ कायद्याने कुणाचं? जुन्या पुरावा कायद्यातली तरतूद नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. लग्न टिकून असताना, किंवा लग्न संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना बाळ झालं, तर ते त्या नवऱ्याचंच मानलं जातं. जुलैत हुकूम झाला तरी डिसेंबर पाच महिन्यांच्या आत आहे. पण 'दुसरं लग्न केलेलं नसताना' ही अट वाचलीत ना? तिने ऑगस्टमध्ये दुसऱ्या स्थळाला होकार देऊन लग्न केलं, तर डिसेंबरचं बाळ त्या नव्या लग्नात जन्मलेलं ठरतं. म्हणजे पोहे खाऊन पसंती कळवलेला साधा, सज्जन माणूस कायद्याच्या नजरेत बाप. त्याला हे कळण्याचा प्रवेश लिहा, तुमच्या एकांकिकेचा सगळ्यांत मोठा हशा तिथे येईल. फक्त त्या माणसाला मूर्ख करू नका. तो भला असला की नायकाला लाज वाटते, आणि नायकाला लाज वाटल्याशिवाय तो बदलत नाही.

बाळ दत्तक देण्याचा धागा ठेवणार असाल तर जपून. लग्नाच्या जोडप्याचं मूल सोपवायचं तर बाल कल्याण समितीपुढे आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, आणि त्यानंतर विचार बदलायला ६० दिवस मिळतात. 'कॅसानोव्हा ब्राउन'मधली परस्पर तयारी आपल्याकडे पहिल्याच टेबलावर अडेल. बाळ पळवणंही आपल्याकडे नीट बसत नाही, कारण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडेच असतो, आणि इथला प्रेक्षक बापाच्या धडपडीऐवजी आईच्या हंबरड्याचा विचार करतो. हा धागा सोडलात तर बरं.

पत्रिका पाहणारी सासू मात्र घ्या. तिला नाशिकमध्ये कोणतंही स्पष्टीकरण लागत नाही. लग्नाआधी गुण जुळले नव्हते म्हणणारी तीच बाई नातवंडाची चाहूल लागल्यावर पुन्हा पंचांग उघडते आणि या वेळी सगळं शुभ निघतं.

रंगमंचावर बाळ आणणार असाल तर कापडाचं रिकामं गाठोडं देऊ नका. त्यात अडीच-तीन किलो तांदळाची पुरचुंडी बांधा, नवजात बाळाचं वजन तेवढंच असतं. मग नटाचं कोपर आपोआप वाकतं आणि मान सांभाळायला तळहात खाली जातो. हलकं गाठोडं धरलेला नट बोलता बोलता ते काखेत मारतो आणि प्रेक्षकांचा विश्वास उडतो. रडण्याचा आवाज सभागृहाच्या मोठ्या स्पीकरवरून सोडू नका. छोटा ब्लूटूथ स्पीकर पाळण्यातच ठेवा, म्हणजे आवाज पाळण्यातून येईल. तो आधीच जोडून, चार्ज करून ठेवा, आणि ज्या फोनवरून आवाज सोडणार तो फ्लाइट मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू करा, नाहीतर ऐन प्रवेशात पाळण्यातून रिंगटोन वाजेल.

प्रश्न: आजी-आजोबांसाठी मराठी सबटायटल तयार करतो आहे. सुरुवातीला बरोबर असतात, पण अर्ध्या तासाने संवाद पुढे आणि अक्षरं मागे राहतात. शिवाय टीव्हीवर जोडाक्षरं तुटून दिसतात.
(सिडको)

उत्तर: पहिला दोष फ्रेमच्या वेगाचा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा. युरोपातल्या टीव्हीसाठी तो २५ने पळवलेली प्रत तुमच्याकडे असेल आणि वेळा २३.९७६च्या (म्हणजे जवळपास २४च्या) प्रतीवरून घेतल्या असतील, तर दर दहा मिनिटांना जवळजवळ २५ सेकंदांचा फरक साठत जातो. सगळ्या ओळी काही सेकंद पुढे-मागे ढकलून हे सुटत नाही, कारण फरक वाढता आहे. सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम-रेट बदलण्याची सोय आहे, तिथे आधीचा २३.९७६ आणि नवा २५ टाका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल, तरच ओळी सरकवा.

जोडाक्षरांसाठी फाइल यूटीएफ-८ या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत साठवा. तरीही टीव्ही अक्षरं तोडत असेल तर त्या टीव्हीला देवनागरी नीट जुळवता येत नाही. अशा वेळी संगणकावर नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट घेऊन अक्षरं चित्रातच छापून घ्या. सबटायटलच्या एसआरटी प्रकारच्या फाइलमध्ये सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, ००:१२:०५,२०० असा. तिथे टिंब पडलं की काही प्लेअर ती ओळ गाळतात.

लांबीचं म्हणाल, तर एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५-४० अक्षरं, आणि आजी-आजोबांसाठी प्रत्येक जोडी निदान तीन सेकंद पडद्यावर. 'हिज गर्ल फ्रायडे'सारख्या चित्रपटात माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. तिथे शब्दन् शब्द आणू नका. ज्याच्या वाक्यावर पुढचा माणूस चिडतो, तेवढंच वाक्य ठेवा. कायद्याच्या तारखा, मुदती आणि 'लग्न झालं होतं'सारखी वाक्यं मात्र कधीही गाळू नका.

प्रश्न: जुने चित्रपट टीव्हीवर लावले की सगळे जाडे का दिसतात?
(सिन्नर)

उत्तर: त्या काळची चौकट १.३७ला १, म्हणजे जवळपास चौकोनी. टीव्ही ती ओढून १६:९ करतो. रिमोटवर पिक्चर साइझमध्ये ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते राहू द्या. झूम करून पट्टे घालवाल तर वर डोकी आणि खाली पाय कापले जातात, आणि 'द ऑफुल ट्रुथ'मधला तो कुत्रा बहुतेक वेळा चौकटीच्या तळाशीच असतो.